वाकडे धुरे

मॅट्रिकचे पेपर देऊन मी नागपूरहून गावी आले, तेव्हा मोह गळायला लागला होता आणि आईच्या अर्जाचं उत्तर चांद्याहून आलं होतं.

आमचं गाव गोंडपिपरीच्या अलीकडे, तळ्याच्या काठी. आमची मालगुजारी गेली तेव्हा गावचं मोठं जंगल सरकारजमा झालं. वडील त्याआधीच वारले होते. आईच्या नावावर राहिला तो तळ्याच्या खालच्या अंगाचा एक तुकडा. आजोबांनी तो राखून ठेवला होता. तिथं कुऱ्हाड चालवायची नाही आणि नांगरही घालायचा नाही, असं कागदोपत्रीसुद्धा लिहिलेलं होतं. आईला तिथं धान लावायचं होतं. घरापुरतं पिकवायला दुसरी जमीन उरली नव्हती, आणि तळ्याचं पाणी पाटानं सरळ तिथवर येऊ शकत होतं.

उत्तर थोडक्यात होतं. जमीन शेतीखाली आणायची तर झाडं काढून ती मोकळी करावी. झाडं ठेवायची असतील तर ते रान आहे तसंच रान राहील. दोन्हीतलं काय ते कळवावं.

लाकडाचा ठेकेदार तोवर दोनदा येऊन गेला होता. झाडं तोडून, बुंधे उपटून, वर पैसे द्यायलाही तो तयार होता. पण त्या तुकड्यात मोहाची झाडं होती. जमीन आमची असली तरी एकेक मोह गावातल्या एकेका घराचा. सासूकडून सुनेकडे आलेला. फुलं त्या घरानंच वेचायची, टोळीचं, मोहाच्या बियांचं, तेल त्या घरानंच काढायचं. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं आणि मोडल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं.

"धान पण होईल अन् मोह पण राहतील," आई म्हणाली. "झाडं धुऱ्यावर घेऊ."

म्हणजे खाचरं, आमच्याकडच्या बांध्या, पाडताना त्यांच्यामधला प्रत्येक मातीचा धुरा एका मोहापासून दुसऱ्या मोहापर्यंत न्यायचा, झाड बांधीच्या पोटात येऊ द्यायचं नाही. पटवाऱ्यांनी असला नकाशा काढायला नकार दिला. माझ्याजवळ शाळेची कंपासपेटी होती. आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी चारचौघांत बोलत नसे. शाळेत इंग्रजी नीट येईना म्हणून गप्प राहायची सवय लागली, आणि गावी आल्यावर माझं मराठी पुस्तकी वाटतं म्हणून बायका हसत, तेव्हा इथंही गप्पच. कागदावर रेघा काढायचं काम मला बरं वाटलं. पहिल्या खेपेस मी सगळ्या बांध्या चौकोनी काढल्या. आई म्हणाली, "हे तुझ्या शाळेचं मैदान झालं. झाडं कुठं गेली?"

मग तिनं मोहवाल्या सगळ्या बायकांना ओसरीवर बोलावलं. जमिनीवर खडूनं तळं आणि पाट काढला आणि प्रत्येकीला एकेक चिंचोका दिला. जिचं झाड जिथं, तिथं तिनं ठेवायचा. मी चिंचोक्यांमधून सुतळी ओढत होते. तळ्यात मासे धरणाऱ्या घरची एक म्हातारी होती, तिला सगळे काकी म्हणत. तिचं माझ्या हाताकडे बारीक लक्ष.

"माहं झाड अल्याड घे वो पोरी. तिथी तं खडक आहे."

"तुह्यावालं सरकवलं तं माह्यावालं पाण्यात जाते नं, काकी!" दुसरी ओरडली.

"गेलं तं जाऊ दे. फुलं धुऊनच भेटतीन तुले."

संध्याकाळपर्यंत सुतळीचा गुंता जमिनीवर तयार झाला आणि मी तो कागदावर उतरवला. एक बांधी कोंबड्याच्या तुऱ्यासारखी, एक फाटक्या चपलेसारखी. पण एकही मोह बांधीच्या पोटात नव्हता. तो कागद आईनं चांद्याला पाठवला.

आठवड्याभरात चांद्याच्या कचेरीतले साहेब स्वतःच जीपनं आले. नकाशा हातात धरून ते मोकळेपणानं हसले. मग आईला म्हणाले, "बाई, कागदावर झाडं राखणं सोपं असतं. उद्या सावलीत धान कमी पिकेल. मग एकेक करून झाडं पडतील. तेव्हा राखणार कोण?"

"चला, दाखवते," आई म्हणाली.

सकाळची वेळ होती. बायका आपापल्या झाडाखाली फुलं वेचत होत्या. एका झाडाखाली मात्र कुणीच नव्हतं आणि फुलांचा सडा तसाच पडलेला. साहेबांनी वाकून एक फूल उचललं आणि तोंडाशी नेलं.

"ओ साहेब!" काकी लांबूनच कडाडली. "ते झाड दुसरीचं आहे!"

आईनं डोळे मिटले. साहेब फूल हातात धरून उभे राहिले. "जमीन तर या बाईंची ना?"

"जमीन बाईची. झाड तिचं."

"मग ती कुठं आहे?"

"माहेरी गेली, बाळंतपणाले."

"मग ही फुलं वाया जाणार?"

"वाया काऊन जातीन? मीच वेचून राह्यली नं. माह्या झाडाखालचं झालं का इकडंच येतो." जवळ येऊन तिनं दोन टोपल्या पुढं केल्या. "हे माही. हे तिची."

साहेबांनी दोन्ही टोपल्यांत डोकावून पाहिलं. "आणि सगळी एकाच टोपलीत टाकली, तर कुणाला कळणार आहे?"

काकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस एवढा शिकला कसा.

"मले कळन नं!"

बायका खुदखुदल्या. काकी पुढं म्हणाली, "खायाचंच असन तं माह्या झाडाखालचं खा. या इथी." साहेबांनी हातातलं फूल परत खाली ठेवलं, काकीच्या झाडापाशी गेले आणि तिनं दिलेली चार फुलं मुकाट्यानं खाल्ली.

नंतर त्यांनी नकाशा पुन्हा उघडला. कुणी काढला, विचारल्यावर आईनं मला पुढं केलं. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, की हा एक बाक एवढा वेडावाकडा आहे, तो थोडा सरळ नाही का करता येणार? मी त्या बाकावर बोट ठेवलं आणि इंग्रजीतच म्हणाले, "नाही सर. तिथं झाड आहे."

एवढंच. पण घरी परतेपर्यंत बायकांनी त्याचं भाषण करून टाकलं होतं. "पोट्टी साहेबासंग कशी फाडफाड बोलली वो! साहेब चूपच झाला!" मी काही दुरुस्त केलं नाही.

पावसाळ्याआधी हुकूम आला. जमीन शेतीखाली आणायला परवानगी होती. धुऱ्यांवरचे मोह तोडायचे नाहीत, ही अट होती, आणि सोबत माझा नकाशा, वर सरकारी शिक्का. आईनं तो हुकूम माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. ठेकेदाराला तिनं चहा पाजून परत पाठवलं.

जमिनीला पहिल्यांदा नांगर लागला त्या दिवशी मी धुऱ्यावर उभी होते. आमच्या नांगऱ्याचा जीव प्रत्येक वळणावर मेटाकुटीला येत होता. चपलेसारख्या बांधीच्या टोकाशी त्यानं बैल थांबवले आणि कपाळ पुसत आईला म्हणाला, "बाई, वळवता वळवता बैलाले चक्कर येऊन राह्यली. असे धुरे कोनं काढले जी?"

"माझ्या पोरीनं," आई म्हणाली. पलीकडच्या शेतातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

नांगर बघायला जमलेले सगळे माझ्याकडे वळले. मी नेहमीसारखी मान खाली घातली, पण धुऱ्यावरून खाली उतरले नाही.