माश्यांना दिलेलं गूळपाणी

माझं माहेर गंगाखेडकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. वडील गुऱ्हाळावर गुळवे होते, म्हणजे कढई चुलवणावरून कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. उन्हातून कुणी आलं की आधी त्याच्या हातावर गुळाचा खडा अन् पाण्याचा तांब्या, मग बाकीच्या चौकशा, अशी आमच्या घरची रीत. लग्न होऊन पेडगावला आले तेव्हा सोबत गुळाची एक ढेप आणि भरपूर ताठा घेऊन आले. ढेप चार महिन्यांत संपली.

सासरी माणसं मोजकीच. सासूबाई नव्हत्या. नवरा येलदरीला धरणावर कामाला, तो पंधरवड्यानं यायचा. घरात मी आणि सासरे. तरुणपणी ते परभणीला एका बागेत मधमाश्यांच्या पेट्या सांभाळायला होते. नोकरी सुटली तरी माश्यांचा नाद सुटला नाही. परसात लिंबाखाली त्यांच्या दोन पेट्या होत्या आणि संध्याकाळी ते पेटीसमोर पोतं टाकून बसत. मला ते रिकामटेकडेपणाचं वाटायचं आणि मी तसं तोंडावर दाखवतही असे.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला. तुरीचा फुलोरा गळून गेला, करडई फुलायला अजून दीड महिना होता, आणि पौषातली थंडी येऊन ठेपली. नेमका तेव्हाच सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा नंबर लागला. तीन आठवडे ते परभणीला नणंदेकडे राहणार होते. निघताना त्यांनी मला परसात नेलं.

"आतला मध सरत आलाय," ते म्हणाले. "रेशनची साखर हाय. दाट पाक करायचा, वाटीत वतायचा, वर काड्या टाकायच्या म्हंजी बुडत न्हाईत. दोन दिवसाला एक वाटी. करडई फुलंस्तोवर एवढ्या जगव, बाई. मह्यापाशी दुसरं काय हाय?"

मी हो म्हटलं. पण साखर मला कधीच पटली नव्हती. पांढरीफटक, ना वास ना कस. थंडीनं कुडकुडणाऱ्या जिवाला असलं काय द्यायचं? माहेरहून नुकताच नवा गूळ आला होता. गुळव्याची लेक मी, गुळानं कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नव्हतं. साखरेचा डबा फळीवर तसाच ठेवला आणि माश्यांना गूळपाणी सुरू केलं. त्यांनी ते चाटूनपुसून घेतलं तेव्हा मला वाटलं, बघा, सासऱ्यांना एवढ्या वर्षांत जे उमगलं नाही ते मला उमगलं.

आठ-दहा दिवसांनी पेटीच्या दारावर तपकिरी शिंतोडे दिसू लागले. मग पेटीच्या अंगावर, मग दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर. माश्या दारात येत, पोट फुगलेलं, उडायला जात आणि खाली पडत. आतून आंबूस वास यायचा. मी रोज सकाळी ओल्या फडक्यानं दार पुसत होते, मेलेल्या माश्या झाडून लिंबाच्या बुडाशी पुरत होते. आणि अशक्तपणा आला असेल म्हणून गूळ आणखी वाढवत होते.

सासरे परत आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना आधीपासूनच उजेड-अंधार एवढंच कळायचं. चष्मा मिळायला महिना लागणार होता. ओट्यावर टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "माश्या कशा हायत?"

"बऱ्या हायत, मामा."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना परसात नेलं. दार त्याच सकाळी पुसलं होतं, कपडे दोनदा धुतले होते. ते खाली बसले, पेटीला कान लावला आणि वाकड्या बोटानं टकटक केलं.

"चांगल्या पेटीला टकटक केलं की एकदम आवाज करून गप होती," ते म्हणाले. "ही कण्हायलीय. काय घातलंस?"

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "गूळ घातला," मी फणकाऱ्यानं म्हणाले. "इख न्हाई घातलं."

"त्यांला इखच ते." आवाज चढला नाही. "गुळात मळी ऱ्हाती. आपल्या पोटाला चालती, माशीच्या पोटात तिचा साका धरतो. घरात घाण करायची माशीची रीत न्हाई, अन् थंडीत लांब जाता येत न्हाई. एखादी दारातच घाण करती, बाकीची तशीच तटतटून मरती." मग म्हणाले, "गुळाचं सोड. मला 'बऱ्या हायत' म्हणलीस. मला दिसत न्हाई, बाई. तू सांगशील तेवढंच मला दिसतं."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी चार शब्द ऐकवले असते. मी आत जाऊन चुलीपुढे बसले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्यांनी माझ्याकडूनच पेट्या उघडवल्या. ते शेजारी बसून सांगत, मी हात घाली. तीन डंख बसले, मी हात बाहेर काढला नाही. एका पेटीत मूठभर माश्या आणि मेलेली राणी. दुसरीत राणी होती, पण पोळ्यात नवी पिल्लं जवळजवळ नव्हती. पोळ्याच्या रिकाम्या चौकटी काढल्या, पेटीला पोती गुंडाळली, साखरेचा दाट पाक ठेवला. महिनाभर आम्ही गुळाचा चहा प्यायलो आणि साखर माश्यांनी खाल्ली.

"पाकानं निस्ती तगतील," ते म्हणाले. "मध म्हंजी भाकर अन् पराग म्हंजी डाळ. निस्त्या भाकरीवर लेकरू वाढत न्हाई. आता करडई पायजे."

करडई होती वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याची, आमच्या परसाला लागून. ती नामांतराची वर्षं. आमची बौद्ध वस्ती आणि वरची आळी कामापुरतंच बोलायची, आणि कधी तेवढंही नाही. करडईवर मावा पडला होता, आज ना उद्या तो फवारणार. मी बांधावर जाऊन उभी राहिले.

"काका, फुलावर दिवसा दवा मारू नका. आमच्या माश्या मरतील."

"माशा तुमच्या, करडई माही," तो म्हणाला. "अन् येळ तुमी सांगणार?"

मी बांधावरून हलले नाही. त्यानं पंप खाली ठेवला आणि विचारलं, "किती पेट्या हायत?"

"दोन होत्या. एक मह्या हातानं गेली."

"दिवस मावळतीला मारीन," म्हणाला आणि पंप उचलून घराकडे गेला. तो बोलल्याप्रमाणे वागला.

माघात करडई पिवळीधमक झाली. संध्याकाळी सासऱ्यांच्या शेजारी पोत्यावर बसून मी दारातल्या माश्या मोजायचे आणि त्यांना सांगायचे. मग चष्मा आला, बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा. त्या दिवशी त्यांनी घर बघितलं, लिंब बघितला, मला बघून म्हणाले, "वाळलीस की गं." मला वाटलं, आता ते स्वतःच पेटीकडे जातील, माझ्या सांगण्याची गरज संपली. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी ते परसात आले, नेहमीसारखे पोत्यावर बसले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यात गुंडाळून ठेवला.

"सांग, बाई," म्हणाले, "काय काय आणायल्यात?"

मी मोजून सांगितलं. दहा आल्या. सहा जणींच्या पायांना पिवळा पराग आहे, चौघींच्या पायांना काही नाही, हेही सांगितलं.