बशीखालचा चहा

आमच्या जिंतूरच्या कॉलेजातला कॉम्प्युटर बिघडला की परभणीहून एसटीनं एक मेकॅनिक यायचा. चपला दाराबाहेर काढायचा आणि आलेला चहा बशीनं झाकून ठेवायचा. "आधी काम, सर." मला त्या गार होणाऱ्या चहाचा राग यायचा.

त्या दिवशी सगळ्या पोरांचे मार्क जुन्या डिस्कवरून नव्या कॉम्प्युटरवर घ्यायचे होते. रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली. मधेच डिस्क घरघरायला लागली. तो तिला थोपटत म्हणाला, "लय काम केलं मावशी तुमी. आता एवढं देऊन टाका."

फ्लॉप्या भरून झाल्या, नव्या कॉम्प्युटरवर उतरवूनही झाल्या. "झालं का?" मी विचारलं. तो नव्या कॉम्प्युटरवर एकेक फाईल उघडून शेवटच्या पोराचं नाव मोठ्यानं वाचत राहिला.

शेवटची फाईल वाचून त्यानं बशी काढली आणि साय धरलेला चहा एका घोटात संपवला. तेव्हा कुठं मी खुर्चीत टेकलो.