ज्वारीत ठेवलेली वाइन

माझ्या स्वयंपाकघरात सकाळपासून दुपारपर्यंत चार शेगड्या पेटलेल्या असतात. मी कडक भाकरी करून विकते. चार बायका कामाला येतात. दोघी थापतात, दोघी भाजतात, आणि भाकरी वाळवणं, मोजणं, बांधणं माझ्याकडे. एप्रिलमध्ये सोलापुरात बाहेर उभं राहवत नाही, तेव्हा आमच्या आत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. अशा खोलीत सहा बाटल्या वाइन उन्हाळाभर सांभाळायचं काम माझ्या मुलीनं माझ्या गळ्यात घातलं.

मुलगी नाशिकला एका वायनरीत आहे. प्रयोगशाळेत लागली होती, पुढे वाइन करायला शिकली. लोकांना मी ‘द्राक्षांच्या कंपनीत असते’ एवढंच सांगत होते. खोटं नव्हतंच ते. मागच्या हंगामात तिनं द्राक्षं निवडण्यापासून बाटल्या भरण्यापर्यंत सगळं स्वतः करून थोडी लाल वाइन केली. मालकांना ती आवडली. पण ते म्हणाले, आपलं गिऱ्हाईक घरात तळघर बांधून बसलेलं नाही, ते बाटली नेतं आणि स्वयंपाकघरात ठेवतं. तेव्हा सहा बाटल्या एखाद्या साध्या घरात उन्हाळाभर ठेव आणि परत आण. टिकली, तर पुढच्या हंगामात वाइन करायला एक मोठी टाकी तुझी.

दुसरी कुणी असती तर नाशिकच्याच एखाद्या मैत्रिणीकडे ठेवली असती. ही खोकं घेऊन सोलापूरला आली.

“इथं टिकली तर कुठंही टिकेल,” ती म्हणाली.

“आणि नाही टिकली तर?”

“तर मी प्रयोगशाळेतच बरी.”

मग तिनं पथ्यं सांगितली. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच आतून ओलं राहतं. बूच सुकलं की हवा शिरते. उजेड नको. उग्र वास नको. हलवाहलवी नको. गरम-गार, गरम-गार तर अजिबात नको. एकवेळ थोडी उष्णता चालेल, पण ती सारखी पाहिजे. एसी लावायचा नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही, तो मालकांचा नियम. फ्रिज तसाही लसणाच्या चटणीनं भरलेला होता. बाळंतिणीलाही आम्ही एवढं जपत नाही, असं मी म्हटलं आणि बाटल्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवल्या. घरात जागा नसलेली प्रत्येक वस्तू तिथंच जाते. मुलीनं मला फ्रिजच्या मागं हात लावून बघायला लावला. चटका बसला. बाटल्या खाली आल्या.

राहायच्या खोल्या वर, स्लॅबखाली. तिथं रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. त्यामुळे शेगड्या असल्या तरी खालचं स्वयंपाकघरच बरं होतं. जाड भिंती, शहाबादी फरशी, आणि शेगड्यांपासून लांब, उत्तरेकडे अंधारा कोपरा. मुलगी गेल्यावर मी घरातले सगळे तांब्ये काढले, पाण्यानं भरले आणि ठिकठिकाणी ठेवले. ओट्याखाली, कपाटात, माळ्यावर, माठाशेजारी, ज्वारीच्या पोत्यांच्या मधे. भर दुपारी प्रत्येकातलं पाणी पिऊन पाहिलं. माळ्यावरच्या पाण्यानं आंघोळ करता आली असती. सगळ्यात गार माठाशेजारचं. माठाखालच्या परातीतली वाळू कायम ओली असते, आणि आमच्या कोरड्या हवेत ओल्या वाळूसारखं गार काही नाही. दुसऱ्या नंबरावर ज्वारी.

पण माठाशी दिवसभर सगळ्यांची ये-जा. पाणी प्यायला बायका येतात, भाकरी न्यायला आलेली गिऱ्हाइकं येतात. आमची भाकरी उपासतापासाच्या घरांत जाते, मठातल्या प्रसादाला जाते. तिथं माठाला टेकून दारूच्या बाटल्या दिसल्या तर कोण काय म्हणेल, याचा हिशेब मी मनात केला आणि ज्वारी निवडली. मंगळवेढ्याहून आलेल्या पोत्यांमधलं सगळ्यात मागचं, कोपऱ्यातलं पोतं अर्धं उपसलं, बाटल्या आडव्या ठेवल्या, वरून ज्वारी ओतली. कुणी हात घालू नये म्हणून पोत्याचं तोंड सुतळीनं शिवून टाकलं. बायकांपैकी कुणालाही सांगितलं नाही. ज्वारीला कसला वास नाही आणि पोत्यात सूर्य शिरत नाही. मी स्वतःवर खूश होते.

मे महिन्यात एका सकाळी मी वळसंगला नात्यातल्या बारशाला गेले. त्याच आठवड्यात एका लग्नघरची मोठी मागणी होती. मागे काम बघायला आमची मावशी होती. कामाच्या चौघींत ती सगळ्यात जुनी. भाकरी तिच्याइतकी पातळ कुणी थापत नाही, आणि तोंडही तिच्याइतकं कुणाचं चालत नाही. मी परत आले, हात धुतले, सवयीनं कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा.

मावशीला विचारलं, पोतं कुठं गेलं?

“गिरणीत की. पीठ सपलं. बाकीची निवडायची हायती, ह्येच शिवल्यालं व्हतं. मी म्हनलं झालंय निवडून.”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. निवडून झालेल्या पोत्याचं तोंड शिवायचं, म्हणजे न निवडलेली ज्वारी चुकून दळायला जाणार नाही, हा नियम आमच्या घरात मीच घातलेला. पोतं कधी गेलं विचारलं तर म्हणाली, रिक्षावाला आत्ताच टाकून आला असेल. मी चपला न बघता पायात घातल्या आणि स्कूटी काढली. गिरणी दोन गल्ल्या सोडून आहे. तेवढ्या वाटेत मला सारखं एकच दिसत होतं, की आता नाशिकला फोन करून काय सांगायचं. ऊन लागलं, वास लागला, असं काही नाही. तुझी वाइन दळली.

आमचं दळण रोजचं, म्हणून गिरणीत माझंच पोतं रांगेच्या पुढे घेतलेलं होतं. तोंड उसवलेलं. गिरणीवाले दादा पत्र्याच्या डब्यानं ज्वारी काढून वर ओतत होते. पट्ट्याच्या आवाजात माझी हाक त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी भिंतीपाशी गेले आणि खटका खाली ओढला.

गिरणी घुमत घुमत थांबली. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकीचं म्हणणं होतं की ती सकाळपासून बसलीय, आता हे काय नवीन. मी पोत्याशी बसले, बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात ज्वारीत घातला. पहिली बाटली बाहेर आली, धड. दुसरी, तिसरी. गिरणीवाले दादा डबा हातात धरून तसेच उभे. पाचवीनंतर हाताला नुसती ज्वारी लागायला लागली. सहावी नव्हती. मी गिरणीच्या वरच्या तोंडात वाकून पाहिलं, तिथंही ज्वारीच. शेवटी दादांनी पोतं हळूच आडवं केलं, तेव्हा ती तळाच्या शिवणीत अडकलेली सापडली. तिलाही काही झालेलं नव्हतं. मी ती मांडीवर घेतली आणि फरशीवर तशीच बसून राहिले.

“वहिनी, ज्वारीची दारू करतात ऐकलं होतं,” दादा म्हणाले. “बाटलीत भरूनच पिकते हे माहीत नव्हतं.”

बायका हसल्या. मग दादांनी जरा आवाज उतरवून विचारलं, साहेबांच्या का? म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. बिचारा सुपारीसुद्धा खात नाही. हो म्हणून सुटता आलं असतं. सुटायला फार सोपं होतं ते.

“माझ्या मुलीच्या,” मी म्हटलं. “तिनं केलीय. तिचं कामच आहे ते.”

मला वाटलं होतं, शांतता पसरेल. तसं काही झालं नाही. सकाळपासून बसलेल्या बाईनंच विचारलं, द्राक्षं कुठली घेतात? तिच्या भावाची बाग होती, सगळा माल बेदाण्याला जायचा, वाइनवाले घेतात का हे तिला हवं होतं. मी म्हटलं विचारून सांगते. दादांनी खटका वर केला. मी बाटल्या ओढणीत गुंडाळून स्कूटीवर पायाशी ठेवल्या आणि माणसानं चालावं तेवढ्या वेगानं घरी आले.

घरी मावशी वाट बघत होती. तिला सगळं सांगितलं. कशासाठी ठेवल्यात, टिकल्या तर काय, नाही तर काय, सगळं. ऐकता ऐकता ती तापली.

“आदी सांगायला काय झालं व्हतं, ताई? मी काय पिऊन टाकनार व्हते व्हय?”

मी म्हटलं, गिऱ्हाइकं काय म्हणतील याची भीती होती. त्यावर ती म्हणाली की गिऱ्हाइकांना भाकरी मोडताना आवाज आला की बास, ती माठाखाली कशाला वाकतायत.

त्या दिवसापासून बाटल्या माठाशेजारी आल्या. जुन्या रांजणाचं बूड होतं, त्यात ओली वाळू भरली, बाटल्या आडव्या रोवल्या, वरून ओलं गोणपाट. पाणी प्यायला जी जाईल तिनं तांब्यातलं उरलेलं गोणपाटावर ओतायचं, असं मावशीनं परस्पर ठरवून टाकलं. ओलीनं बाटल्यांवरच्या कागदाच्या चिठ्ठ्या सुटल्या, पण सगळ्या बाटल्यांत एकच वाइन असल्यानं बिघडलं नाही. दुपारी मी गोणपाटाखाली हात घालून बघायची. वाळू गार असायची, आणि मला कुणाकडे चोरून बघावं लागत नव्हतं. उन्हाळ्याचा उरलेला भाग मी चांगली झोपले.

पावसाळा सुरू झाल्यावर मुलगी न्यायला आली. पोत्यातला आणि गिरणीतला मुक्काम मी तिला फोनवर सांगितलाच होता. आल्यावर तिनं बॅगही न उघडता एक बाटली वाळूतून काढली, पुसली आणि बूच काढलं. आधी बुचाचा वास घेतला, मग पेला हलवून वाइनचा. बायकांनी हातातलं काम सोडलं होतं. मीही मोजणं थांबवलं होतं. मुलीनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. लहानपणी निकाल हातात घेऊन ती अशीच दारात उभी राहायची. पास का नापास, शेवटपर्यंत कळायचं नाही.

तिनं घोट गिळला आणि पुन्हा एक घेतला.

“आई, टिकलीय,” ती म्हणाली. “थोडी मोठी झालीय आपल्या वयापेक्षा. पण टिकलीय.”

मी चवीपुरती घेतली. आंबट, तुरट, जीभ आखडली. मावशीनं बोट बुडवून चाटलं आणि विचारलं, ह्यात भाकरी चुरून खाल्ली तर? मुलगी इतकी हसली की पेला खाली ठेवावा लागला.

उरलेल्या पाच ती नाशिकला घेऊन गेली. आठवड्यानं सकाळच्या कामाच्या वेळेला तिचा फोन आला. शेगड्यांच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून मी फोन घेऊन दारात गेले. मालकांनी वायनरीतल्या इतरांनाही अशाच बाटल्या घरी ठेवायला दिल्या होत्या, त्यांच्याबरोबर तिचीही चाखली होती. टाकी तिला मिळाली होती. त्यांनी तिला दोनदा विचारलं होतं, सोलापूरच्या कुठल्या घरात ठेवली होतीस म्हणून.

“काय सांगितलंस?” मी विचारलं.

“भाकरीच्या.”

मी आत येऊन बायकांना सांगितलं. मावशीनं मान हलवली, हातावरची भाकरी तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला.