आप्पासाहेबांचा दुमजली पलंग

आप्पासाहेबांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही, असं त्यांच्या गावाकडे एके काळी कौतुकानं सांगत. मी शहरात, पुंडलिकनगरात त्यांच्या समोरच्या घरात राहते, त्यामुळे हे कौतुक मला निम्मंच मान्य आहे. ते कुणालाही हो म्हणत हे खरं. पण त्या होकाराचा भार नेहमी घरातल्या दुसऱ्या कुणावर तरी पडत असे.

त्यांचं गाव अजिंठ्याकडचं. चांगली शेती, भावकी मोठी, आणि सगळ्या भावकीत शहरात नोकरी लागलेले हे एकटे. पाटबंधारे खात्यात होते. पुंडलिकनगरात तीन खोल्यांचं घर बांधलं आणि वास्तुशांतीला अख्खं गाव जेवायला बोलावलं. ती त्यांची पहिली चूक, कारण त्या दिवशी अख्ख्या गावाला पत्ता कळला. कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, त्याला घाटी दवाखान्यात दाखवायचं असे. कुणाच्या मुलीची परीक्षा असे, कुणाची कोर्टात तारीख असे. सगळे स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला आप्पासाहेबांचं नाव सांगत, आणि रिक्षावाले आणून सोडत.

"आपलं घर असताना लॉजला कशाला?" हे आप्पासाहेबांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना पाठ होतं. पाहुणा जमिनीवर आणि घरचं लेकरू गादीवर, असं त्यांच्या घरी होणार नव्हतं. म्हणून संध्याकाळी पाहुणा आला की आठ वर्षांच्या नातीचं, मयुरीचं, अंथरूण आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात जाई आणि तिच्या पाच वर्षांच्या भावाचं, सुदर्शनचं, स्वयंपाकघरातून दाराजवळ. आणखी पाहुणे आले की त्यांचा मुलगा रामकिसन गच्चीवर जाई. आप्पासाहेबांचा स्वतःचा सागवानी पलंग मात्र पुढच्या खोलीत खिडकीखाली होता तिथेच राही. कुठल्याशा कालव्याच्या कामावर त्यांची पाठ धरली होती, आणि ती पुन्हा कधी सुटली नाही. त्यांचं औदार्य घरभर पसरायचं आणि त्या पलंगाच्या पायाशी येऊन थांबायचं.

या पाहुण्यांमधले मुख्य म्हणजे फकिरामामा, आप्पासाहेबांच्या आईचे धाकटे भाऊ. सहा फुटांच्या वर उंची, वर फेटा. बांधावरच्या एका बाभळीवरून त्यांचा सख्ख्या भावाशी दावा चालला होता. बाभूळ मधल्या काळात वाळून पडली, तिचं सरपणही जळून गेलं, पण दावा हिरवागार होता. प्रत्येक तारखेला मामा आदल्या दिवशी येत आणि तारीख पुढे गेली की तिची वाट बघत इथेच थांबत.

एकदा पहाटे मामा बाहेर निघाले आणि दाराजवळ झोपलेल्या सुदर्शनच्या हातावर त्यांचा पाय पडला. हाड मोडलं. मामांना वाईट वाटलं. ते सगळ्यांना सांगत होते, "मला वाटलं चप्पल हाये."

आप्पासाहेबांची सून उज्ज्वला शाळेत शिकवते. आवाज चढवणारी बाई नव्हे. सुदर्शनला प्लास्टर घालून आणलं, त्याला निजवलं, पोळ्या करायला घेतल्या आणि पोळ्या करता करताच म्हणाली, "जून लागायच्या आत लेकरांना झोपायला त्यांची जागा झाली पाहिजे. तिथून त्यांना कुणी उठवायचं नाही. नाही झाली, तर दोघांना नाशिकला माझ्या भावाकडं ठेवते. शाळेचंही तिकडंच बघते."

रामकिसन भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. आप्पासाहेब पाठ चोळू लागले. त्यांची बायको सारजाबाई मात्र उठून निजलेल्या सुदर्शनजवळ जाऊन बसल्या. त्यांचा सगळा दिवस या दोन नातवंडांभोवती फिरायचा.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब माझ्याकडे आले. "बाई, उस्मानपुऱ्यात चांदपाशा लोखंडी पलंग करतो. एकावर एक, दुमजली. तुम्ही चला. त्याच्याकडं इंग्रजी कागद हाये, वाचून सांगा."

मी, सारजाबाई आणि आप्पासाहेब रिक्षानं गेलो. चांदपाशाच्या दुकानात एक पलंग तयार होता आणि भिंतीवर परदेशी कॅटलॉगचं एक पान चिकटवलेलं होतं. आप्पासाहेबांनी पलंग बघितला तो बाजारात बैल बघतात तसा. आधी मागून फेरी मारली, मग खांद्यानं रेटा दिला, वाकून पाय पाहिले, नळीवर टिचकी मारून आवाज ऐकला. दात पाहायला जागा नव्हती म्हणून तेवढं राहिलं.

मी कागद वाचून सांगितला. वरच्या मजल्याला चारी बाजूंनी कठडा हवा, आणि गादी घातल्यावरही तो वीतभर वर उरला पाहिजे. कठड्याचे गज इतके जवळ हवेत की मुलाचं डोकं त्यात अडकू नये. सहा वर्षांच्या आतलं मूल वर झोपवू नये. वर पंखा नको. आणि एका मजल्यावर एकच मूल.

"एकच?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"एकच लिहिलंय."

"हे त्यांच्याकडचं झालं. तिकडं पाहुणे नसतेत."

चांदपाशानं टेप काढली. "आप्पा, लंबाई साडेचार फूट बस होती. बच्चे इत्ते इत्तेसे तो हैं. पाच-छे साल आराम से निकल जाते."

"नाय नाय. सव्वासहा कर. पोरं वाढतेत."

"तुमच्या घरान्यात सव्वासहा फूट कोन झालंय?" सारजाबाई म्हणाल्या. आप्पासाहेब स्वतः त्यांच्या खांद्याला लागतात. "एक मामा सोडले तर."

आप्पासाहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. पलंग सव्वासहा फूट ठरला, वरचा मजला चार माणसं बसली तरी हलू नये इतका भक्कम, आणि कठडा एका बाजूनं अगदी बुटका. "चढउतार करायला बरं," असं ते म्हणाले. कुणाच्या चढउताराला, ते म्हणाले नाहीत. मी कागदावरचं पुन्हा वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी माझ्या इंग्रजीचं फार कौतुक केलं.

पलंग आला. नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं, गल्लीतल्या बायका बघून गेल्या. आतल्या खोलीतला छताचा पंखा उज्ज्वलानं स्वतः उतरवून घेतला आणि टेबलफॅन आणला. मयुरी वर, सुदर्शन खाली. सुदर्शननं आजीचं जुनं लुगडं बांधून खालच्या मजल्याला पडदा केला आणि आत जायला सगळ्यांना परवानगी मागायला लावली. मलाही मागावी लागली.

आठवडाभर हे राज्य टिकलं. मग फकिरामामा आले. सोबत कडूबा होता, बाभळीचा साक्षीदार. मामांनी पलंग खालून पाहिला, वरून पाहिला, हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे.

"आप्पा, आमच्यासाठी लई खर्च केलास रं."

खरं सांगायला याहून सोपी वेळ मिळाली नसती. घरचे सगळे दारात उभे होते. आप्पासाहेब म्हणाले, "आपलंच हाये, मामा."

दोन पाहुणे, दोन मजले. मामांच्या हाडांना टोचू नये म्हणून वर एकाऐवजी तीन गाद्या घातल्या, त्यात होता तेवढा कठडाही बुडाला. त्याची मामांना फिकीर नव्हती. जन्मभर ज्वारीत पाखरं राखायला माळ्यावर झोपलेला माणूस तो. लेकरं स्वयंपाकघरात गेली, आणि लुगड्याच्या पडद्याचा कडूबानं उशीला अभ्रा केला.

मामा गावी परतले आणि त्यांनी पारावर सांगितलं की आप्पानं पाव्हण्यांसाठी दुमजली सोय केली आहे. एप्रिलमध्ये पूर्वी यायचे त्याहून जास्त लोक आले. काहींना शहरात काही कामही नव्हतं.

एके दुपारी उज्ज्वलानं माळ्यावरून बॅगा काढल्या आणि उन्हात टाकल्या.

सारजाबाई माझ्याकडे येऊन बसल्या. "बाई, हे मामांना बोलायचे नायत. आन् मी कशी बोलू? मामेसासरे पडतेत. त्यांच्यापुढं माझा पदर डोक्यावरून खाली येत नाय, तोंड कुठनं उघडायचं?" त्यांनी माझ्या खिडकीतून समोर पाहिलं. "पलंगाला कुठं सासरा असतो," असं म्हणून उठल्या.

मे महिन्यात आप्पासाहेब एका लग्नाला गावी गेले. त्याच दिवशी सारजाबाईंनी हातगाडी बोलावली, पलंग सुटा करून तिच्यावर घातला आणि मला म्हणाल्या, "चला, कागदात काय लिहिलंय ते पुन्हा एकदा वाचा. या वेळी मी ऐकते."

चांदपाशाला त्यांनी सांगितलं, "कापा. साडेचार फूट."

"चाची, आप्पा चिडेंगे."

"चिडू द्या. आन् दोन मजल्यांतली उंची कमी करा. पोरगं ताठ बसलं पायजे, फेटा बसायला नको. कठडा सगळीकडनं उंच. शिडीपाशी फट ठेवाल ती लेकराच्या अंगापुरती."

"बच्चे बडे हो जायेंगे तो?"

"लेकरं वाढायला टाइम हाये. पाव्हणे काय आखडत नायत. आन् कापलेलं टाकू नका, मला द्या."

परत येताना हातगाडीवर पलंग होता आणि सारजाबाईंच्या मांडीवर रिक्षात, जुन्या धोतरात गुंडाळलेले लोखंडी नळ्यांचे तुकडे.

लग्नाहून आलेले आप्पासाहेब आतल्या खोलीच्या दारातच उभे राहिले.

"हे काय झालं?"

"धुतला, आटला," सारजाबाई म्हणाल्या.

ते पुष्कळ बोलले. लोक काय म्हणतील, मामा काय म्हणतील, आपली इज्जत काय राहील. सारजाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचं बोलणं संपलं तेव्हा सूप अर्धं भरलं होतं.

जून तोंडावर आला होता, आणि मामांची तारीखही. मामा एकटेच आले. पिशवी ठेवून सवयीनं आतल्या खोलीत गेले. उज्ज्वलानं मला पापड लाटायला म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. मामांनी वरच्या मजल्याला शिडीपाशी अंग लावून पाहिलं, एक खांदा आत गेला, दुसरा गेला नाही. मग खालचा मजला. बसायला गेले तर फेटा वरच्या मजल्याच्या पत्र्याला अडला. फेटा काढून आडवे झाले, तर गुडघे हनुवटीला आले आणि पाय गजांतून बाहेर.

"मामाआजोबा, अजून दुमडा," वरून सुदर्शन म्हणाला. त्याचं प्लास्टर केव्हाच निघालं होतं. सहा वर्षं झाल्याशिवाय वर झोपायचं नाही असं मी त्याला बजावलं होतं, म्हणून तो दिवसा वर राहत असे.

मामा कष्टानं बाहेर निघाले. "आप्पा, पलंगाला काय झालं रं?"

आप्पासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. सारजाबाई दाराआड होत्या, पदर डोक्यावर. त्या कुणाला उद्देशून नव्हे अशा म्हणाल्या, "मग आज पाव्हण्यांना खाली झोपवायचं व्हय?"

घरात मोठ्या माणसाच्या मापाचा पलंग आता एकच उरला होता, खिडकीखालचा. आप्पासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मामांकडे, मग उज्ज्वलाकडे. ती पापड वाळत घालत होती. शेवटी त्यांनी स्वतःची उशी उचलली.

मामांना तो पलंग फार आवडला. खिडकीतून वारा येतो म्हणाले, पाठीला बरं वाटतं म्हणाले. तारीख आठवड्यानं पुढे गेली तेव्हा त्यांनी बिलकूल कुरकुर केली नाही. आप्पासाहेबांचं अंथरूण दाराजवळ पडत होतं. मामांना पहाटे बाहेर जायची सवय होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात पेपर वाचत होते. समोर ओट्यावर मामा दात घासत होते आणि आप्पासाहेब एक हात दुसऱ्या हातानं धरून उभे होते.

"मामा, कोर्टाच्या जवळ एक लॉज हाये. गरम पानी देतेत. तुम्हाला तारखेला बरं पडंल."

"लॉजला कशाला, आपलं घर असताना?"

आप्पासाहेबांचंच वाक्य त्यांच्यापुढे आलं. त्यांनी दुखरा हात चोळला.

"घर आपलंच हाये, मामा. जेवायला दोन्ही वक्त या. झोपायला जागा नाय."

सारजाबाई रांगोळी काढायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्या दिवशीची रांगोळी दारापासून रस्त्यापर्यंत आली.

आप्पा बदलला, शहराचं पाणी लागलं, असं गावात बोललं गेलं. महिनाभर आप्पासाहेबांना फार वाईट वाटलं. मग घरात सगळ्यांची झोप होऊ लागली, त्यांचीही, आणि वाईट वाटणं कमी झालं. उज्ज्वलानं बॅगा पुन्हा माळ्यावर टाकल्या. शाळा उघडली तेव्हा दोघं लेकरं समोरच्याच रस्त्यानं गेली.

बॅगांच्या शेजारी ते लोखंडी तुकडे होते. परकराला टीप घालून ठेवतात आणि मुलगी वाढली की उसवतात, तसं सारजाबाई करत. मयुरीचे पाय कठड्याला टेकू लागले की चांदपाशा येई, एक तुकडा जोडून देई. पुढे सुदर्शन वर झोपू लागला, मयुरी खाली आली, आणि दोघं उंच झाली तेव्हा चांदपाशानं मजल्यांमधलं अंतरही वाढवून दिलं. शेवटचा तुकडा बसला त्या वर्षी मयुरी बारावीला होती आणि आप्पासाहेब निवृत्त झाले होते.

त्याच आठवड्यात फकिरामामा काठी टेकत आले. त्यांचा भाऊ वारला होता, पण पुतण्यांनी दावा सोडला नव्हता. मामा आतल्या खोलीच्या दारात थांबले. खालच्या मजल्यावर मयुरी अभ्यासाचं पुस्तक छातीवर ठेवून पाय पूर्ण लांब करून पडली होती. तिनं पाय जवळ घेतले नाहीत.

"आप्पा, पलंग वाढला की रं."

"पोरांच्या मापानं वाढला, मामा," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी मामांची पिशवी स्वतः उचलून पुढच्या खोलीत, दाराजवळ ठेवली. "बसा. भाकरी होईपर्यंत चहा घ्या. लॉजवाल्याला सांगून ठेवलंय, गरम पानी तयार ठेव म्हणून."