दोरीच्या आतली होडी

‘अर्ज द्या’ म्हणणारे साहेब आम्ही कर्मचाऱ्यांनी पुष्कळ पाहिले. वसईतल्या आमच्या नौका संग्रहालयाच्या नव्या संचालकबाई मात्र तक्रार ऐकली की ‘चला, दाखवा’ म्हणत टेबलाखाली चपला शोधतात.

त्यांच्या स्वागत समारंभातही तेच. कळंबच्या ज्या म्हाताऱ्या नाखव्यानं आपली होडी संग्रहालयाला दिली, तोच होडीभोवतीच्या दोरीबाहेर उभा होता.

“बाबा, लांब का?” बाईंनी विचारलं.

“हात लावायचा न्हाय, पाटी हाय. होडी माझीच, पन.”

बाईंनी सत्काराची शाल खुर्चीवर टाकली, दोरी सोडली, चपला काढल्या. “चला, दाखवा.”

आधी नाखवा चढला, मागून बाई. पाहुण्यांची भाषणं राहिली ती राहिलीच.

‘दोरी हटवा’ ही आम्हा कर्मचाऱ्यांच्या मागणीपत्रकातली पहिली मागणी मी तिथंच खोडली. उरलेल्या सहा घेऊन सोमवारी बाईंकडे जाणार आहे.