गंगूऐवजी सोना

कामाला लागल्यापासून अठराव्या दिवशी मी एक मुलगी चुकीच्या बापाच्या हवाली केली.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. जालन्यात मिशनचं मुलींचं बालगृह होतं. मी एकतीस वर्षांची विधवा, पोटी मूल नाही, माहेरी कुणी उरलं नाही. मिससाहेबांनी मला तिथं मुली सांभाळायला ठेवलं. मुली बावीस. पहिल्याच आठवड्यात मिससाहेबांनी विचारलं, "शांताबाई, सगळ्यांची नावं पाठ झाली?"

"बराबर झाली," मी म्हटलं.

(झाली नव्हती. मी मुली ओळखायचे केसांवरून. कुरळ्या केसांची ती रूथ, जाड वेणीची ती मार्था, तांबूस केसांची ती गंगू. बाकीच्यांना मी "ए बाळा" म्हणायचे. त्यात मायाही दिसते आणि नावही लागत नाही.)

मग उवा झाल्या. मिससाहेब तीन दिवस खेड्यांवर फिरतीला निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "मी येईपर्यंत एकही ऊ दिसता कामा नये." मी हुकूम जरा जास्तच मनावर घेतला. न्हावी बोलावला आणि दुपारच्या आत बावीसच्या बावीस डोक्यांचा गोटा केला. अंगावर सारखेच निळे झगे, वर सारखीच गुळगुळीत डोकी. ओसरीवर रांगेत बसवल्या तेव्हा मला कळलं, आपण काय करून ठेवलंय ते. टोपलीभर वांगी मांडून ठेवावीत तशा त्या बसल्या होत्या, आणि मला एकही ओळखू येईना.

नेमका दुसऱ्याच दिवशी सकाळी म्हादू आला. अंबडकडचा माणूस, पूर्वी मेंढरं राखायचा, आता लोकांच्या शेतात राबायचा. पाच वर्षांपूर्वी मरीच्या साथीत त्याची बायको गेली, तेव्हा तीन वर्षांची लेक त्यानं इथं आणून ठेवली होती. त्यानंतर आज येत होता.

"गंगीला न्यायला आलो, बाई," तो म्हणाला. "दुसरं लगीन झालं. घरात भाकर टाकनारं मानूस आलंय आता."

मिससाहेब येईपर्यंत थांबा, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या माघारी काहीतरी कर्तबगारी दाखवायची मला हौस.

"गंगू, पुढं ये," मी हाक मारली. कुणी हललं नाही. "गंगू, बाबा आलाय तुझा." तरी नाही. (त्या सकाळीच मी बजावलं होतं, रांगेत जी बोलेल तिला गूळ नाही. माझी शिस्त पाळली गेली असा तो एकच दिवस.)

म्हादू रांगेपुढून चालला. एकेकीच्या तोंडाकडे वाकून बघायचा आणि पुढं सरकायचा. टोकाला पोचला आणि तिथूनच परत फिरला.

"गंगे," तो हळूच म्हणाला, "मी हाय गं."

तेव्हा शेवटून तिसरी उठून उभी राहिली. "मी गंगू."

त्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "डोळे बराबर हिच्या आईचे," तो म्हणाला. मी पोरीला धुतलेला झगा घातला, बोलली असूनही गुळाचा खडा दिला, फाटकापर्यंत पोचवलं. काम इतकं छान झालं होतं की माझेच डोळे भरून आले.

दुपारी स्वयंपाकीण सखूबाईनं ताटल्या मांडल्या आणि विचारलं, "सोना कुठंय?"

"सोना कोण?"

"कोन म्हंजी? भरल्या बाजारात सापडली होती की. कुनी न्हाई तिला."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. "मग गंगू?"

"ही काय गंगू. जेवून राह्यली."

तिथं एक गोटा खाली मान घालून वरण ओरपत होता. मी विचारलं, "तू बोलली का नाहीस गं?"

"मला जायचं न्हवतं," गंगू म्हणाली. "मी त्यांना वळखत न्हाई."

खरं सांगते, क्षणभर वाटलं की असू द्यावं. जिला जायचं नव्हतं ती राहिली, जिला कुणी नव्हतं तिला बाप मिळाला, आणि बापाला कुणाच्या तरी आईचे डोळे सापडले. इतकी नीट जमलेली चूक मी आयुष्यात दुसरी केली नाही. पण लेक त्याची होती. मी गंगूला घेऊन करीमचाचाच्या टांग्यात बसले.

"क्या हुआ, बाई?"

"मुलगी बदलली."

त्यानं गंगूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, बच्ची है, छत्री नहीं," म्हणाला आणि घोडा जल्दी हाकला.

अंबडच्या वाटेवर एका विहिरीपाशी ती दोघं दिसली. म्हादूनं आपलं मुंडासं सोडून सोनाच्या डोक्याला गुंडाळलं होतं. भाकरीचे तुकडे तो तिच्या हातात देत होता आणि ती मोठ्यानं हसत होती. अठरा दिवसांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं.

"म्हादू, माझी चूक झाली," मी म्हटलं. "तुमची गंगू ही आहे."

त्यानं गंगूच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली बसून तिचा डावा पाय हातात घेतला. घोट्याजवळ भाजल्याचा जुना वण होता. त्यावर तो अंगठा फिरवत राहिला.

"खूण ठाऊक होती, तर सकाळी का नाही पाहिली?"

"भ्या वाटलं, बाई. त्या साली लई लेकरं गेल्ती. खूण न्हाई निघाली तर मंग काय करायचं? ही म्हनली मी गंगू, मी म्हनलं आसंल."

सोनानं तोवर डोक्याचं मुंडासं सोडलं होतं. तिनं ते गंगूच्या डोक्यावर ठेवलं. "ऊन हाय," म्हणाली.

मला राहवलं नाही. "दोघींना न्याल का?"

म्हादूनं सोनाकडे बराच वेळ पाहिलं. "घरात एकीचंच बोलून आलोय," तो म्हणाला.

गंगूनं माझा पदर धरला होता. तिची बोटं मी एकेक करून सोडवली. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "माझी ताटली कुनाला देऊ नका."

परतताना, खोटं बोलण्यावर मी सोनाला चांगला धडा देणार होते. शास्त्रातलं वचनही तयार होतं. "खोटं का बोललीस?" मी सुरुवात केली.

"ते हाका मारून राह्यले होते," सोना म्हणाली. "कुनीच उठंना."

मला ते वचन आठवेना. करीमचाचानं उगाचच घोड्याला चाबूक मारला.

मिससाहेब परतल्या. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "शांताबाई, मला विचार करावा लागेल." मी विचाराची वाट न पाहता खोलीत जाऊन माझी ट्रंक भरायला घेतली. दोन लुगडी, एक शाल, नवऱ्याचा चष्मा. भरता भरता रडू कोसळलं. बघते तर दारात सोना. ती आत आली आणि सरळ माझ्या ट्रंकेवर बसली.

"रडू नका, मावशी," ती म्हणाली. "मिससाहेब बिलकुल काढायच्या न्हाईत. जिला कुनी न्हाई, तिला त्या ठेवून घेत्यात."

तोवर माझा समज होता की मी तिथं नोकरीला आहे.