चोवीसचे पंचवीस झाले

"पुस," घरमालक काका म्हणाले अन् ओला फडका माझ्या अंगावर फेकला.

मी दवाखान्यात ड्युटीवर निघाली होती. नर्सच्या पांढऱ्या कपड्यावर फडक्याचं मळकं पाणी उडालं. काकांच्या मांगं गल्लीतले चार जण उभे. एकानं फोटो काढाले मोबाइल उचलून धरलेला.

आमच्या दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलं होतं. वीस, सी, एम, बी, चोवीस. मधात मधात क्रॉस.

"वीस झाले, चोवीस करायचे हायेत, असंच नं?" काका म्हणाले. "खामगावात अजून किती घरं बाटवणार हायेस?"

"काका, ते साल हाय. दोन हजार चोवीस. अर्धं इकडं, अर्धं तिकडं. अक्षरं म्हंजे, ख्रिस्ता, या घराले आशीर्वाद दे. जानेवारीत तीन राजांच्या सणाले फादर खडू देतात. बाप होता तवा तो लिहे, आता मी लिहितो."

"साल असं लिहिते काय कोणी?" मोबाइलवाला हासला.

आई आतून म्हणाली, "पुस माय, पुस." स्टुलावर चढून पुसलं. एक क्रॉस काही केल्या जाईना. "नीट पुस," काका म्हणाले. म्या थुका लावून पुसला. आपल्याच क्रॉसले थुका लावला. ते आठवलं का आजही मले माझीच किळस येते.

त्याच सांजच्याले काकूले इन्सुलिन द्याले गेली. रोजच जायची. त्यांच्या चौकटीवर शेंदरानं शुभ, लाभ, स्वस्तिक. त्याचा अर्थ त्यांना कोणी इचारला नाही कधी. काकूनं गुपचूप पोट पुढं केलं, माझ्याकडं पाह्यलं नाही. माझी सुई चालत होती, खडू चालत नव्हता.

मंग सालभर भेव. मांगं गाडी थांबली तरी मी दुकानात शिरायची. तो फोटो कोणाकोणाच्या मोबाइलात गेला, काय माहीत.

पुन्हा सण आला. आई म्हणे, औंदा राहू दे. म्या लिहिलं. एक डोळा गल्लीकडं होता, सी वाकडाच आला.

सकाळी काका हजर. तेच चार जण मांगं.

"मांगच्या साली चोवीस होते, आता पंचवीस. एक वाढला. कोण हाय तो?"

मोबाइलवाला हळूच म्हणाला, "काका, ही तं रोज तुमच्याच घरात जाते."

काकांनी वळून आपल्या दाराकडं पाह्यलं. दारात काकू उभी. तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या एका आकड्यापायी त्या बाईचे हाल होणार होते. तवा मले कळलं, म्या भेऊन पुसलं तं पंचविसावी काकूच, हे खरं ठरते.

"कोणी वाढलं नाही, काका. साल वाढलं. तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडरही बदललं. ते कोणाले बाटवून बदललं?"

फडका पायाशी येऊन पडला. म्या उचलला नाही.

"खोली खाली कर."

"लिहून द्या. काऊन खाली करा लावता, ते कारणही लिहा. अन् खाली सही करा."

काकांची सारी नोकरी सरकारी कचेरीत गेलेली. सही कुठं करायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते घरात गेले.

खोली सुटली नाही. काकूचं इन्सुलिन आता दुसरी नर्स देते. दाराले मी दोन कड्या लावतो, अन् दोनदा उठून पाहतो. भेव गेलं असं कोणी समजू नये. माझ्या आजोबाले गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, म्हणून तो या क्रॉसपाशी आला. तोही भेतच आला असन.

येत्या सणाले पंचवीस पुसीन, माझ्या हातानं, कारण सव्वीस लिहायचे हायेत. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून आता एक रेघ पुसणार नाही.